बी.ए.ला इतिहास घेतलेल्या मुलांच्या हाताला नक्की काय लागतं, आणि ते वर्गात कसं घडवायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की तालुक्याच्या कॉलेजात सीएचबीवर (म्हणजे तासाच्या मानधनावर) बी.ए.ला इतिहास शिकवताय, मुलं आणि त्यांच्या घरचे विचारतात की इतिहास घेऊन पुढे करायचं काय, आणि एनईपीच्या (राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाच्या) नव्या सिलॅबसमध्ये प्रत्येक पेपरखाली "चिकित्सक विचार, संशोधन कौशल्य, संवाद कौशल्य" असं जे छापलेलं असतं ते वर्गात खरंच कसं तयार करायचं. मी बरीच वर्षं हाच विषय शिकवतेय, खेड्यातल्या कॉलेजात शिकवलाय आणि शहरातल्याही, त्यामुळे जरा लांबलचक लिहितेय, सवडीने वाचा.

पहिली गोष्ट, इतिहास घेतला म्हणून ही कौशल्यं आपोआप येत नाहीत. आपण सगळे ते गृहीत धरून चालतो. लेक्चर ऐकलं, नोट्स उतरवल्या, परीक्षेच्या आदल्या आठवड्यात गाईड आणलं आणि "1857 च्या उठावाची कारणे लिहा" या प्रश्नाला राजकीय, आर्थिक, सामाजिक, धार्मिक, लष्करी आणि तात्कालिक अशी कारणं ओळीने लिहून आला, की तो मुलगा फर्स्ट क्लासमध्ये पास होतो. पण तीन वर्षांत त्याने एकही मूळ कागद नीट वाचलेला नसतो, एकाच प्रसंगाबद्दल दोन माणसं वेगवेगळं का सांगतायत याच्यावर डोकं लावलेलं नसतं, आणि स्वतःहून एक पानाचं टिपण लिहिलेलं नसतं. मग बाहेर नोकरीच्या इंटरव्ह्यूला "तुला काय येतं" विचारल्यावर तो गप्प बसतो, यात त्याची चूक काहीच नाही.

आणि हे फक्त आपल्याकडच्या मुलांचं आहे असं समजू नका. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांनी 2017 मध्ये मांडलेला एक अभ्यास आहे, त्यात 10 पीएचडी झालेले इतिहासकार, 10 व्यावसायिक फॅक्टचेकर आणि स्टॅनफर्डचेच 25 विद्यार्थी यांना काही वेबसाइट दाखवून कुठली भरवशाची ते ठरवायला सांगितलं होतं. फॅक्टचेकर मंडळींनी पटापट आणि बरोबर ओळखलं, कारण ते त्या पानावर रेंगाळलेच नाहीत, लगेच दुसरी टॅब उघडून ही साइट चालवतं कोण, पैसा कुणाचा, ते बाहेरून बघून आले. इतिहासकार आणि विद्यार्थी मात्र पानाची मांडणी, लोगो, भारदस्त नाव याला बरेचदा भुलले. म्हणजे आयुष्यभर जुन्या कागदाला "तुला लिहिलं कुणी, कशासाठी" विचारणारी माणसं, पण समोर कागदाऐवजी स्क्रीन आली तर तोच प्रश्न विचारायचा राहून गेला. यातून मी एवढंच घेतलं की एका ठिकाणी शिकलेलं दुसरीकडे वापरायचं असतं हे मुलांना मुद्दाम दाखवावं लागतं, नाहीतर ते तिथल्या तिथेच राहतं.

आता प्रत्यक्ष काय करायचं ते सांगते. एफवायला मी सुरुवात तारखेपासून करते.

शिवाजी महाराजांचा जन्म कधी झाला हे वर्गातल्या प्रत्येकाला माहीत असतं, 19 फेब्रुवारी 1630, सरकारी सुट्टी असते. मग फळ्यावर लिहायचं, जेधे शकावलीत (जेधे घराण्याकडच्या सालवार नोंदींच्या जुन्या यादीत) नोंद आहे ती शके 1551, फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार. आणि मुलांना सांगायचं की नेटवर तारीख टाकली की वार काढून देणारे कॅलक्युलेटर असतात त्यात 19 फेब्रुवारी 1630 टाका. बहुतेक ठिकाणी मंगळवार येतो. (एक्सेलमध्ये करून बघायला जाऊ नका, त्याला 1900 च्या आधीची तारीख कळतच नाही.) वर्गात एकदम शांतता होते, मग कुणीतरी म्हणतं मॅडम शकावली चुकली, कुणी म्हणतं नेट चुकलं, आणि खरं म्हणजे दोन्ही बरोबर असतात. 19 फेब्रुवारी ही जुन्या ज्युलियन कॅलेंडरची तारीख आहे आणि तो कॅलक्युलेटर आजचं ग्रेगोरियन कॅलेंडर मागे मागे ताणत नेतो, सतराव्या शतकात दोघांत 10 दिवसांचा फरक, मग 1 मार्च 1630 टाकून बघा म्हणायचं, शुक्रवार येतो. पोरांच्या चेहऱ्यावर जे दिसतं त्या वेळी, त्यासाठी हा विषय शिकवावा.

मग पुढचा प्रश्न. शकात 78 मिळवले की इसवी सन येतो असं सगळे शाळेत शिकलेत, 1551 अधिक 78 म्हणजे 1629, मग 1630 कुठून आलं? कारण शकाचं वर्ष चैत्रात सुरू होतं, फाल्गुन त्याच्या शेवटी, तोपर्यंत इंग्रजी जानेवारी उलटून गेलेला असतो, म्हणून 79 मिळवायचे. आणि याच दिवशी सुरतेच्या वखारीतल्या इंग्रजाने पत्र लिहिलं असतं तर त्याने वर्ष 1629 च घातलं असतं, कारण इंग्रजांचं वर्ष तेव्हा 25 मार्चला बदलायचं आणि ब्रिटनने नवीन कॅलेंडर घेतलं ते थेट 1752 मध्ये. गोव्यातल्या पोर्तुगीजाने त्याच दिवशी 1 मार्च 1630 लिहिलं असतं. दिवस एकच, तीन कागदांवर तीन तारखा. ज्याला हे माहीत नाही तो म्हणणार की साधनांत विसंगती आहे, कुणीतरी खोटं लिहिलंय.

इथे थांबून मुलांना विचारायचं की हे पुढे कुठे उपयोगी पडेल. सुरुवातीला "स्पर्धा परीक्षेत" असं एकसुरी उत्तर येतं. मग माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीचं सांगते, ती आता एका वकिलांच्या ऑफिसात आहे, हायकोर्टात पिटिशन दाखल करताना सुरुवातीला लिस्ट ऑफ डेट्स जोडावी लागते, कुठल्या तारखेला काय झालं ते क्रमाने, आणि प्रत्येक तारखेपुढे कुठल्या कागदावरून घेतली ते. ती यादी करायचं काम ऑफिसात तिच्याकडे असतं. करार सहीचा एक दिवस, नोंदणीचा दुसरा, ताबा तिसऱ्या दिवशी, आणि आर्थिक वर्ष एप्रिलपासून पण नोटीस कॅलेंडर वर्षाची. तिला ते कठीण वाटत नाही कारण तिने शुहूर सनाचे कागद वाचलेत. (शुहूर सन ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, पेशवाईच्या कागदांवर "इहिदे सबैन मया व अलफ" असं अरबी आकड्यांत वर्ष असतं, म्हणजे 1171, त्यात 599 किंवा 600 मिळवायचे, कारण ते वर्ष मृगाला सुरू होतं.)

दुसरा धडा मी एसवायला घेते आणि माझ्या मते हा सगळ्यात मोलाचा आहे. 1897 चा पुण्याचा प्लेग. घराघरात सोल्जर शिरून झडती घेतली जात होती, रँड प्लेग कमिटीचा अध्यक्ष, 22 जूनच्या रात्री गणेशखिंडीत त्याच्यावर आणि आयर्स्टवर गोळ्या झाडल्या गेल्या, हे मुलांना साधारण माहीत असतं. त्यांना माहीत नसतं ते गोखल्यांचं. गोपाळ कृष्ण गोखले त्या वेळी इंग्लंडमध्ये होते, हिंदुस्थानच्या सरकारी खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी कमिशनपुढे साक्ष द्यायला गेलेले. पुण्याहून त्यांना पत्रं येत होती, त्यांत झडतीच्या वेळी सोल्जरांनी केलेल्या अत्याचारांचं लिहिलेलं, दोन स्त्रियांवर अत्याचार झाला आणि त्यातल्या एकीने जीव दिला असंही. गोखल्यांनी ते तिथे मँचेस्टर गार्डियनला सांगितलं. इंग्लंडमध्ये एकच गदारोळ झाला, सरकारने साफ इन्कार केला, आणि गोखले परत आले तेव्हा ज्यांनी लिहिलं होतं त्यांच्यापैकी कुणी पुढे यायला तयार नव्हतं. पुरावा देता येत नाही म्हणून गोखल्यांनी जाहीर माफी मागितली. त्यांच्यावर दोन्हीकडून टीका झाली आणि ती माफी त्यांना पुढे फार दिवस चिकटून राहिली. त्याच वर्षी केसरीतल्या लेखनावरून टिळकांना राजद्रोहाखाली 18 महिन्यांची शिक्षा झाली.

मी मुलांना चार कागद देते. गोखल्यांच्या निवेदनाचा आणि माफीचा सारांश, सरकारचा इन्कार, केसरीतला एक उतारा, आणि पंडिता रमाबाईंनी बॉम्बे गार्डियनमध्ये प्लेगच्या इस्पितळातल्या मुलींच्या हालांबद्दल लिहिलेल्या पत्राचा भाग. मग प्रश्न असे की गोखल्यांनी स्वतः पाहिलेलं यात काय आहे आणि ऐकलेलं काय? ज्यांनी कळवलं ते कुणाच्या जवळचे होते? ते पुढे का आले नसतील, म्हणजे खोटं होतं म्हणून की बदनामीच्या भीतीने, की रँडच्या खुनानंतर पोलिसांच्या भीतीने? सरकारी इन्कार कशाच्या आधारावर होता, चौकशी कुणी केली, बायकांशी बोलायला बाई होती का? आणि सगळ्यात अवघड प्रश्न, गोखल्यांनी माफी मागितली म्हणजे तसं काही घडलंच नाही असं म्हणता येईल का?

याच्यावर वर्ग दोन तास भांडतो. पहिल्या अर्ध्या तासात नुसती मतं असतात, गोखले कच्चे निघाले, नाही ते प्रामाणिक होते. मग हळूहळू कुणीतरी म्हणतं की पुरावा मिळाला नाही आणि घडलं नाही या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हे वाक्य मी कधीच स्वतः सांगत नाही, वाट बघते. एकदा ते मुलांच्या तोंडून आलं की वर्ष सार्थकी लागलं असं मला मनापासून वाटतं, कारण ज्या माणसाला हा फरक कळला तो उद्या कंपनीत तक्रार निवारण समितीवर बसला, पत्रकार झाला, विम्याचे क्लेम तपासायला लागला, नाहीतर गावात तंटामुक्ती समितीत गेला, तरी तो "कुणी सांगितलं, त्याला कसं कळलं, तो का बोलत नसेल" हे विचारल्याशिवाय कागदावर काही लिहिणार नाही. हे शिकवणारा दुसरा विषय बी.ए.ला मला तरी दिसत नाही.

आता गावाकडच्या कॉलेजातल्या शिक्षकाला वाटतं की आमच्याकडे ना अर्काइव्ह ना लायब्ररी, हे सगळं पुण्यामुंबईचं. उलट आहे हो. तुमच्या मुलांच्या घरातल्या ट्रंकेत जे कागद आहेत ते शहरातल्या मुलांकडे नाहीत. पणजोबाचा शाळा सोडल्याचा दाखला, जुना सातबारा, फेरफार, गहाणखत, कडईपत्रक, तहसीलमधली गाव नमुना 14 ची जन्ममृत्यूची नोंद जिला लोक कोतवाल बुक म्हणतात. प्रत्येकाने घरातला एक कागद आणायचा (मूळ नको, झेरॉक्स किंवा फोटो, हे पक्कं सांगा, मूळ कागद हरवला तर घरात रामायण होईल) आणि त्याच्यावर एक पान लिहायचं, हा कागद कुणी बनवला, कुठल्या कायद्याखाली, त्यात कोण दिसतं आणि कोण दिसत नाही. कोण दिसत नाही हा प्रश्न विसरू नका. बहुतेक जमिनीच्या कागदांत आजी कुठेच नसते, शेत आयुष्यभर तिने कसलेलं असतं. हे मी सांगायला लागत नाही, मुलीच सांगतात.

आणि याचा व्यवहारातला उपयोग तर घरोघरी आहे. जात पडताळणीला मानीव दिनांकाच्या (त्या त्या प्रवर्गासाठी सरकारने ठरवलेल्या तारखेच्या) आधीचा पुरावा लागतो, अनुसूचित जातींना 10 ऑगस्ट 1950, अनुसूचित जमातींना 6 सप्टेंबर 1950, विमुक्त भटक्यांना 21 नोव्हेंबर 1961, ओबीसींना 13 ऑक्टोबर 1967. या तारखा कुठून आल्या, त्याआधीची नोंद कुठे सापडू शकते, नावाचं स्पेलिंग आणि आडनाव तीन कागदांवर तीन तऱ्हेचं असेल तर ती एकच व्यक्ती आहे हे कसं दाखवायचं, हे अस्सल इतिहासाचं काम आहे. 2023 मध्ये कुणबी नोंदी शोधायला न्या. संदीप शिंदे समिती नेमली आणि जिल्ह्याजिल्ह्यात जुनी दप्तरं उघडली गेली तेव्हा मोडी लिपी वाचणारी माणसं पुरेनात, आठवत असेल तुम्हाला. तेव्हापासून मोडीच्या वर्गाला जरा गर्दी वाढलीय. तुमच्या कॉलेजात एसईसी किंवा व्हीएससीमध्ये (कौशल्याच्या पेपरांमध्ये) मोडी घेता येत असेल तर जरूर घ्या. पण एक सांगते, बाराखडी गिरवून घेऊन सर्टिफिकेट देऊ नका. मोडी म्हणजे सवय आहे, ऱ्हस्व दीर्घाचा भेद नाही, शब्द तोडलेले नाहीत, हात न उचलता लिहिलेलं, त्यामुळे रोज थोडं थोडं वाचलं तरच येतं, आणि अक्षर लागलं तरी जमाखर्चाची, महसुलाची भाषा कळली पाहिजे.

मौखिक इतिहासाबद्दल थोडं. 1972 चा दुष्काळ घ्या. घरात सत्तरीच्या पुढचं माणूस असलं की विषय तयार आहे, खडी फोडायला कोण गेलं होतं, पाझर तलावाच्या कामावर मजुरी कशी मिळायची, सुकडी, लाल मिलोच्या भाकरी, पोरांना कुठे ठेवायचे. रोजगार हमीचा कायदा महाराष्ट्रात 1977 ला आला, देशात 2005 ला, तो ज्यातून उभा राहिला ते आपल्या आजीच्या हातावरच्या घट्ट्यांत आहे हे मुलांना पहिल्यांदा कळतं. पण मुलाखत घेणं शिकवायला लागतं. मुलं विचारतात "आजी, दुष्काळात खूप हाल झाले ना?", आजी म्हणते "झाले की", संपलं. त्याऐवजी "त्या वर्षी सकाळी उठल्यावर पहिलं काम काय असायचं?" विचार आणि मग गप्प बस, मध्ये बोलू नकोस, आजी थांबली तरी लगेच पुढचा प्रश्न टाकू नकोस. गप्प बसणं शिकायला मुलांना एक सेमिस्टर लागतं. म्हातारी माणसं साल सांगत नाहीत, "कोयनेचा भूकंप झाला त्याच्या पुढल्या सालात थोरला झाला" असं सांगतात, मग 11 डिसेंबर 1967 वरून थोरल्याचं साल काढायचं आणि त्याच्या शाळेच्या दाखल्याशी ताडून बघायचं. बरेचदा जमत नाही, कारण दाखल्यावर गुरुजींनी 1 जून टाकलेला असतो. तो 1 जून का असतो हा पण एक सुंदर प्रश्न आहे. परवानगी लेखी घ्या, रेकॉर्डिंग जसंच्या तसं उतरवून काढायला लावा, आजीची बोली सुधारून प्रमाण करू देऊ नका. हे ज्याला जमलं त्याला मार्केट रिसर्चवाले, एनजीओवाले, सोशल ऑडिटवाले, बातमीदारी, कुठेही घेतात, कारण लोकांशी बोलून अचूक लिहून आणणारी माणसं कमी आहेत.

लिहिण्याबद्दल माझा एकच आग्रह असतो, लहान लिहायला लावा. आपली परीक्षा मुलांना पुरवणी जोडायला शिकवते, नोकरी मात्र एक पान मागते. मी 1875 च्या दख्खनच्या दंग्यांवरची सहासात पानं देते, सुप्याला 12 मे 1875 ला सुरुवात, शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे जाळले, मग सरकारचा कमिशन रिपोर्ट आणि शेतकऱ्यांना कर्जात दिलासा देणारा 1879 चा कायदा, आणि सांगते की समज तू त्या वेळच्या कलेक्टरचा कारकून आहेस, साहेबांकडे पाच मिनिटं आहेत, एका पानात सांग काय झालं, कशावरून म्हणतोस, काय खात्रीचं आहे आणि काय अंदाजाचं. पहिल्या खेपेला सगळे "प्रस्तावना" लिहितात. ती खोडायची. दंगेखोरांनी माणसांना फारसं न मारता कागद का शोधले हा त्यातला गाभा आहे, तो पहिल्या चार ओळींत आला पाहिजे. मराठीतच लिहू द्या, पण नीट मराठीत, वाक्य कुठे संपतं ते कळणाऱ्या. एमपीएससीची मुख्य परीक्षा 2025 पासून वर्णनात्मक झालीय, त्यामुळे हे कारण सांगितलं की मुलं मन लावून लिहितात, आणि मला त्यात काही गैर वाटत नाही, कारण कोणतंही असो, सवय लागते ना.

इंग्रजीची भीती हा आपल्याकडचा खरा अडसर आहे. जुने गॅझेटियर, कॅम्पबेलने काढलेले, 1880 च्या दशकातले, तुमच्या जिल्ह्याचाही असू शकेल, त्यात तालुक्याची बाजारपेठ, पिकं, रस्ते, जाती, सगळं आहे पण इंग्रजीत. पूर्ण प्रकरण देऊ नका. दहा ओळी द्या, दोघांत मिळून, डिक्शनरी घेऊन, आणि स्वतःच्या गावाबद्दलच्या द्या. आपल्या गावाचं नाव दीडशे वर्षांपूर्वीच्या पुस्तकात दिसल्यावर पोरं इंग्रजी वाचतात, मी बघितलंय. आणि वाचून झाल्यावर त्यात जातींबद्दल जे सरसकट शेरे मारलेत ते कुणाच्या नजरेतून आलेत हे विचारायला विसरू नका.

एआयचं विचारलं नाहीत पण तो प्रश्न येणारच. असाइनमेंट एआयकडून लिहून आणतात, भाषा गुळगुळीत, संदर्भ भरपूर आणि त्यातले काही अस्तित्वातच नसलेले. इतिहासकार गो. स. सरदेसाईंनी संपादित केलेले पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे खंड 45 आहेत, असाइनमेंटमध्ये 52 वा खंड आला तर समजायचं. मी बंदी घालत नाही, उलट वर्गातच एआयला प्रश्न विचारून त्याचं उत्तर मुलांना तपासायला देते, प्रत्येक संदर्भ लायब्ररीत किंवा नेटवर शोधून सापडला की नाही ते लिहायचं. वर मी स्टॅनफर्डच्या अभ्यासाचं सांगितलं तो दुसरी टॅब उघडायचा सराव इथे होतो. आणि स्वतःच्या असाइनमेंटला साधनाच्या पानाचा फोटो जोडायचा आणि पाच मिनिटं तोंडी उत्तरं द्यायची, एवढं केलं की उचलेगिरी आपोआप कमी होते.

व्हॉट्सअॅपवरच्या इतिहासाचंही असंच. महापुरुषांवरून वर्गात वातावरण कधीकधी तापतं, तिथे नवीन शिक्षक घाबरतात आणि विषय टाळतात. टाळू नका, पण तुमचं मतही आधी सांगू नका. कुणीही, कुठल्याही बाजूचं काही म्हणालं तरी एकच प्रश्न सगळ्यांना, अगदी त्याच आवाजात, "कागद कुठला? कधीचा? प्रसंगानंतर किती वर्षांनी लिहिलेला?" महिनाभरात मुलं एकमेकांना हे विचारायला लागतात. आधी उदाहरणं अशी घ्या जिथे वाद मिटलेला आहे. शिवाजी महाराजांचं म्हणून पूर्वी एक चित्र सगळीकडे छापलं जायचं, ते इब्राहिम खानाचं आहे हे इतिहाससंशोधक वा. सी. बेंद्र्यांनी दाखवून दिलं आणि खरं चित्र शोधून काढलं. प्रेम असलेल्या माणसानेच तपासून चूक दुरुस्त केली, हे मुलांना फार भावतं, आणि तपासणं म्हणजे अपमान नव्हे हे वेगळं सांगावं लागत नाही.

आता तुम्ही म्हणाल की सीएचबीवर तासाचे पैसे मिळतात, हे सगळं तपासायचं कधी. बरोबर आहे. म्हणून सगळं एकदम करू नका, एका सेमिस्टरला एक असाइनमेंट, इंटर्नलच्या मार्कांत बसवून, बाकी सिलॅबस नेहमीसारखा. विभागप्रमुखांना सांगताना "फील्ड प्रोजेक्ट" आणि "ओजेटी" (ऑन जॉब ट्रेनिंग) हे शब्द वापरा, नवीन रचनेत ते द्यावेच लागतात आणि बऱ्याच कॉलेजात इतिहासवाल्यांना काय द्यायचं ते सुचलेलं नसतं. गावातल्या वीरगळांची (लढाईत पडलेल्या वीरांच्या स्मारकशिळांची) नोंद करा, फोटो, मोजमाप, तीन कप्प्यांत काय काय कोरलंय, आज तिथे शेंदूर लावतात का, लोक काय म्हणतात. ग्रामपंचायत किंवा सहकारी संस्थेचं जुनं दप्तर लावून यादी करून द्या, संस्था खूश होते आणि पत्र देते. 2025 मध्ये युनेस्कोच्या यादीत मराठा काळातले 12 किल्ले गेले, त्यातले 11 महाराष्ट्रातले, त्यांच्या आसपास कॉलेज असेल तर साधार माहिती सांगणारे गाईड तयार करणं हाच प्रोजेक्ट होऊ शकतो.

तपासण्यासाठी माझे चारच निकष असतात, साधन नीट ओळखलं का, दोन साधनं ताडून बघितली का, खात्रीचं आणि अंदाजाचं वेगळं केलं का, आणि वाचणाऱ्याला कळेल असं लिहिलं का. हस्ताक्षर, प्रस्तावना, रंगीत कव्हर याला शून्य मार्क, हे आधीच सांगून टाका.

राहिला पालकांचा प्रश्न. त्यांना खरं सांगा. नुसत्या बी.ए. इतिहासावर नोकरी मिळते असं मी कधी सांगत नाही आणि तुम्हीही सांगू नका, गरीब घरातलं पोर असतं, त्याचा बापाशी वाद होतो आपल्या शब्दावर. इतिहासाला जोडून दुसरं काहीतरी लागतंच. पदवीनंतर तीन वर्षांची एलएलबी हा मला सगळ्यात चांगला जोड वाटतो, पुरावा वाचायची सवय तिथे थेट लागते. बी.एड. सगळ्यांना माहीत आहे, पण जागा किती निघतात तेही त्यांना सांगा. लायब्ररी सायन्स, पत्रकारिता, पुरातत्त्वासाठी पुण्याचं डेक्कन कॉलेज, म्युझिऑलॉजीसाठी बडोद्याचं महाराजा सयाजीराव विद्यापीठ. आणि जे पुढे शिकणार नाहीत त्यांनी तीन वर्षांत टायपिंग, एक्सेल आणि कामापुरतं इंग्रजी करायचंच, त्याला पर्याय नाही. स्पर्धा परीक्षेसाठी इतिहास घेणाऱ्यांना पण दुसरा रस्ता एफवायलाच दाखवून ठेवा, कारण तिथे जागा थोड्या आणि मुलं लाखोंनी, पंचविशी उलटल्यावर ती हताश होऊन परत येतात ते बघवत नाही.

आणि टीवायच्या शेवटी एक तास फक्त बायोडेटासाठी ठेवा. "बी.ए. इतिहास, 64 टक्के" एवढंच लिहू देऊ नका. "गावातल्या दुष्काळाच्या मुलाखती घेतल्या, लेखी उतरवल्या, ग्रामपंचायतीच्या नोंदींशी ताडल्या, एक पानाचा अहवाल ग्रामसभेत वाचला" असं लिहायला लावा, आणि आपापसात इंटरव्ह्यू घ्यायला लावा, एकाने बँकेचा मॅनेजर व्हायचं, त्याने विचारायचं की याचा आमच्याकडे काय उपयोग. पहिल्यांदा मुलं अडखळतात. दुसऱ्यांदा कुणीतरी म्हणतं, सर, कर्ज मागायला आलेल्याच्या कागदांतल्या तारखा एकमेकींशी जुळत नसतील तर ते माझ्या लक्षात येईल.

या जूनमध्ये एकच करायचं असेल तर तारखेचा धडा करा, त्याला फळा आणि एक मोबाइल पुरतो. गोखल्यांचा धडा दुसऱ्या सेमिस्टरला घ्या, मुलं तुमच्याशी मोकळं बोलायला लागल्यावर, आणि त्या दिवशी दोन तास सलग मिळतील असं टाइमटेबलवाल्यांशी आधीच बोलून ठेवा, मध्ये बेल झाली तर सगळं विस्कटतं.